हॅरी आपल्यावानी का बोलंना? सांगलीहून एक खुलं पत्र

परदेशी चित्रपट आणि मालिका भारतीय भाषांत आणणाऱ्या सर्व निर्मात्यांना, वितरकांना आणि डबिंगचं काम पाहणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत राहते आणि तासगाव तालुक्यातल्या एका छोट्या गावात प्राथमिक शाळेत शिकवते. जादूच्या शाळेत जाणाऱ्या एका पोरक्या मुलाची, हॅरी पॉटरची, सात पुस्तकं आणि त्यांवरचे आठ चित्रपट यांनी माझ्या आयुष्याची बरीच वर्षं व्यापली आहेत. या पुस्तकांवर आता नवी मालिका येते आहे, तिचं चित्रीकरण २०२५च्या जुलैत सुरू झालं. ही मालिका आमच्यापर्यंत कोणत्या भाषेत पोहोचणार, हे तुमच्यापैकी कुणीतरी एखाद्या बैठकीत ठरवणार आहे, कदाचित ठरवलंही असेल. ती मराठीतही यावी, एवढीच आमची मागणी आहे. त्या बैठकीत माझ्या वर्गातली मुलं नसतील, म्हणून हे पत्र.

आमच्या शाळेत शनिवारी सकाळची शाळा असते. शाळा सुटली की अर्धा-पाऊण तास मी व्हरांड्यात पुस्तक मोठ्यानं वाचते. थांबायची सक्ती नाही, ज्याला थांबायचं तो थांबतो. तीन वर्षांपूर्वी मी ‘हॅरी पॉटर आणि परीस’ वाचायला घेतलं. पहिल्या शनिवारी नऊ मुलं होती. महिन्याभरात व्हरांडा पुरेना, आणि त्यानंतर एक आजी यायला लागल्या. पाचवीतल्या नातवाला घरी न्यायला आल्या होत्या, दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या, मग बसल्या. पुढच्या शनिवारी वेळेआधीच आल्या. आजींना लिहिता-वाचता येत नाही. पण जिन्याखालच्या अडगळीत झोपणारं ते पोरकं पोर त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असल्यासारखं कळलं. पिटुनिया ही हॅरीची सख्खी मावशी आहे असं मी सांगितलं, तेव्हा आजी जे बोलल्या ते माझ्या ध्यानात राहिलंय. आपल्याकडे ‘माय मरो अन् मावशी जगो’ असं म्हणतात. आई गेली तरी मावशी लेकराला पोटाशी धरेल, हा भरवसा त्या म्हणीत आहे. आजी म्हणाल्या, “मावशी असून असं करती?” इंग्रजीतल्या ‘आंट’ या शब्दात आत्या, काकू, मामी, मावशी सगळ्याच बसतात. मराठीत ती मावशी झाली आणि तिचा दुष्टपणा दुप्पट झाला. इतकी वर्षं ते पुस्तक माझ्याजवळ होतं, पण हे मला आजींमुळे समजलं.

ज्या प्रतीतून मी वाचते ती २०१९च्या पुरात भिजलेली आहे. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या तळमजल्यावर पाणी चढलं. कपाटातला खालचा खण पूर्ण गेला, वरच्या खणातली पुस्तकं निम्मी वाचली. पाणी उतरल्यावर ती गच्चीत पानं उलटी-सुलटी करत वाळवली. ‘परीस’ फुगून दुप्पट जाड झालंय, पानांवर गाळाची पिवळट रेघ आहे. मुलांना तीच प्रत हवी असते. नवी आणली तर त्यांना ती खरी वाटत नाही.

तर, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी वर्गातल्या सहा मुलांना आणि आजींना सांगलीला घरी बोलावलं. आम्हा मोठ्या माणसांचाही एक गट आहे: दोन शिक्षक, एक औषधांच्या दुकानात काम करणारा तरुण, इंजिनिअरिंगच्या दोन मुली, बँकेतून निवृत्त झालेले एक काका. महिन्यातून एकदा आम्ही भेटतो, चहा होतो, आणि पुस्तकात काय होतं, चित्रपटात काय गेलं, यावर रात्री उशिरापर्यंत वाद चालतात. त्या दिवशी ही सगळी मंडळी आली होती. मुलं एसटीनं आली. मी भडंग केलं होतं. आणि आम्ही पहिला चित्रपट लावला. इंग्रजी मुलांना कळलं नसतं म्हणून हिंदी लावला.

मुलं पहिली दहा मिनिटं पडद्याकडे टक लावून बसली. घुबडं आली, मोटारसायकल आकाशातून उतरली. आजी दिवाणावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. अर्धा तास झाला असेल, त्या माझ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, “बाई, ह्यो त्योच पोरगा हाय न्हवं? मग आता आपल्यावानी का बोलंना झालाय?”

मला उत्तर देता आलं नाही. आजींनी पुढचे दोन तास चित्रपट पाहिला, पण त्या पाहुणीसारख्या पाहत होत्या. व्हरांड्यात त्या मध्येच बोलतात, हॅरीला सावध करतात, त्याला छळणाऱ्या स्नेप मास्तरांना शिव्या घालतात. त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. नातू अधूनमधून त्यांच्या कानाशी लागून सांगत होता, काय चाललंय ते.

तुमचं नेहमीचं उत्तर मला माहीत आहे, कारण तुमच्या व्यवसायातल्या लोकांकडून ते अनेकदा ऐकलंय: मराठी माणसाला हिंदी समजतं, मग वेगळा खर्च कशाला? म्हणून परदेशी चित्रपट हिंदी, तमिळ, तेलुगूत येतात आणि मराठी त्या यादीत नसते. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, तेलुगू ८ कोटी ११ लाख, तमिळ ६ कोटी ९० लाख. आमची संख्या कमी म्हणून आम्ही वगळले गेलो असं नाही. आम्ही शेजारची भाषा शिकलो, तिच्यात चित्रपट पाहिले, गाणी म्हटली, आणि त्याचा अर्थ तुम्ही असा लावलात की आम्हाला आमच्या भाषेची गरज नाही.

आणखी एक हिशेब सांगते. सांगली, सातारा आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या त्याच जनगणनेत मिळून ९७ लाख होती. हंगेरी या अख्ख्या देशाची लोकसंख्या साधारण तेवढीच. हॅरी हंगेरियन भाषेत बोलतो, चेक भाषेतही बोलतो. त्या देशांतल्या मुलांना कुणी म्हणत नाही की तुम्हाला जर्मन समजतं ना, मग त्यातच पाहा.

आणि मुळात ‘समजतं’ हे तरी सगळ्यांना कुठे लागू आहे? जत तालुक्यात घरी कन्नड बोलणारी कितीतरी मुलं आहेत. मराठी त्यांची शाळेची भाषा, हिंदी तिसरी, इंग्रजी चौथी. तासगावकडची, आटपाडीकडची वयस्क माणसं हिंदी ऐकतात, पण त्यांना ते बाजारापुरतं, गाण्यापुरतं येतं. अडीच तासांच्या गोष्टीत कोण कुणाचा कोण, कुणी कुणाला का दगा दिला, हे त्यातून हाती लागत नाही.

आमच्या गटात यावर पुढचे तीन महिने चर्चा झाली. ती चर्चा तुमच्यापर्यंत पोहोचावी असं मला फार वाटतं, कारण डबिंग लिहिणाऱ्याला ती उपयोगी पडेल.

पहिला वाद झाला तो ‘तू’ आणि ‘तुम्ही’वर. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. हिंदीत तू, तुम, आप. आणि मराठीची घडी हिंदीपेक्षा वेगळी आहे, हे डबिंग करणाऱ्यांनी लक्षात ठेवायलाच हवं. हिंदीत मूल आईला बहुधा ‘आप’ म्हणतं. आमच्याकडे आई म्हणजे ‘तू’. रॉन वीजली या मित्राच्या घरी हॅरी पहिल्यांदा जातो, त्या मोडक्यातोडक्या उबदार घरात, तेव्हा रॉन आईला “अगं आई” म्हणणार आणि हॅरी तिला “तुम्ही” म्हणणार. त्या एका फरकातच हॅरीचं पोरकेपण दिसेल, वेगळा संवाद लिहायला नको. मग कुठल्या भागात हॅरीच्या तोंडून तिला पहिल्यांदा ‘तू’ येईल? आमच्या गटात यावर दोन तट आहेत. एका मुलीचं म्हणणं, चौथ्या भागाच्या शेवटी, जेव्हा मिसेस वीजली, म्हणजे रॉनची आई, त्याला आईसारखं कवेत घेते तेव्हा. बँकेतले काका म्हणतात, कधीच नाही, तो मुलगा शेवटपर्यंत ‘तुम्ही’च म्हणेल, पण त्या ‘तुम्ही’चा सूर बदलेल. मला काकांचं पटतं.

आणि व्होल्डेमॉर्ट, हॅरीच्या आईबापांना मारणारा खलनायक. सगळं जादूचं जग त्याचं नाव घ्यायला घाबरतं. शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर मात्र त्याला टॉम म्हणतात, विद्यार्थ्याला म्हणावं तसं. शेवटच्या सामन्यात हॅरीसुद्धा त्याला त्याच्या जुन्या, साध्या माणसाच्या नावानं हाक मारतो. इंग्रजीत तो परिणाम फक्त नावावर तोललेला आहे. मराठीत तिथं अरे-तुरे येईल. सतरा वर्षांचं पोर त्या माणसाला “अरे” म्हणेल तेव्हा आमच्या व्हरांड्यात काय होईल, ते मी आत्ताच पाहू शकते.

दुसरा वाद नात्यांचा. सिरियस हा हॅरीचा ‘गॉडफादर’. धर्मपिता म्हटलं की मुलांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. मी म्हटलं, वडिलांचा जिवलग मित्र आहे, म्हणजे मानलेला काका. मुलांना ते मुळीच मान्य नाही. त्यांच्या मते तो मामा आहे. लांब राहतो, अडचणीत धावून येतो, घरचे नको म्हणतात ते देतो. महागातला उडता झाडू मामाच पाठवतो, काका नाही. बरोबर भाषांतर काय ते अनुभवी लेखकानं ठरवावं, पण सहावीतली मुलं एका शब्दावरून शनिवारचा अर्धा तास भांडली, ही भूक तुम्ही पाहावी असं मला वाटतं.

काही गोष्टी मराठीत आपसूक जमतात. जादूच्या शाळेची गाडी जिथून सुटते तो नऊ आणि दहाच्या मधला फलाट सांगायला इंग्रजीत ‘नाइन अँड थ्री क्वार्टर्स’ म्हणावं लागतं, आपल्याकडे पावणेदहा. पाढ्यातला, घड्याळातला, भाजीच्या वजनातला शब्द. आमची मुलं मिरज जंक्शनला गेली की फलाटांमधल्या खांबांना हात लावून बघतात.

पण सगळ्यात जास्त बोलणं झालं ते हॅग्रिडवर, जादूच्या शाळेच्या धिप्पाड रखवालदारावर.

मूळ पुस्तकात हॅग्रिड प्रमाण इंग्रजी बोलत नाही. लेखिकेनं त्याला इंग्लंडच्या नैऋत्येकडची गावाकडची बोली दिली आहे, शब्दांचे शेवट गिळणारी, लिहितानाही तशीच लिहिलेली. शाळेतून काढून टाकलेला, छडी मोडलेला, जंगलाच्या कडेला झोपडीत राहणारा हा माणूस. तू जादूगार आहेस, हे हॅरीला पहिल्यांदा तोच सांगतो. चित्रपटात रॉबी कोल्ट्रेननं ते काम असं केलं की २०२२मध्ये तो गेला तेव्हा आमच्या गटात एक संध्याकाळ कुणाला फार बोलता आलं नाही.

हा हॅग्रिड मराठीत कसा बोलेल? औषधांच्या दुकानातला तरुण म्हणाला, आपल्यासारखा. आपल्याकडचा. मी वर्गात मुलांना सांगितलं, हॅग्रिड दार मोडून आत येतो तो प्रसंग तुमच्या भाषेत करून दाखवा. एका मुलानं खांद्यावर घोंगडं टाकलं, सगळ्यांत लहान मुलासमोर गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, “रडू नगंस. तू जादूगार हायस, पोरा.” व्हरांड्यात कुणी हसलं नाही. आजींनी डोळ्यांना पदर लावला.

म्हणून एक विनंती मी जितकी कळकळीनं करता येईल तितकी करते. मराठी पडद्यावर गावरान बोली आली की ती बहुतेक वेळा नोकराच्या, बावळटाच्या किंवा पोट धरून हसवणाऱ्याच्या तोंडी येते. हॅग्रिडचं तसं करू नका. याच जिल्ह्यातल्या माडगुळ्यात जन्मलेल्या व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’ लिहून किती वर्षं झाली. त्या पुस्तकानं आमच्या बोलीला साहित्यात मानाची जागा दिली. तीच जागा आवाजालाही मिळू दे. हॅग्रिडच्या तोंडी लई, न्हाई, व्हय येऊ दे, पण त्या बोलीत माया आणि अपमान गिळलेल्या माणसाचा जडपणा असू दे. असा आवाज मुंबईच्या स्टुडिओत सापडला नाही तर इकडे या. सांगलीत राज्य नाट्यस्पर्धेची केंद्रं भरतात, तालुक्या-तालुक्यांत हौशी नाटक करणारी माणसं आहेत, दिवसा शेती, गॅरेज, शाळा आणि रात्री तालीम.

जे अवघड आहे तेही आम्ही बोललो. दुसऱ्या भागात टॉम मार्व्होलो रिडल या व्होल्डेमॉर्टच्या मूळ नावातली अक्षरं हवेत फिरतात आणि त्यांतून ‘मी लॉर्ड व्होल्डेमॉर्ट आहे’ असं इंग्रजी वाक्य तयार होतं. पुस्तकांच्या अनुवादकांनी यासाठी नावच बदललं. फ्रेंचमध्ये तो टॉम एल्व्हिस जेदुसोर आहे, स्पॅनिशमध्ये टॉम सोर्वोलो रिडल, डॅनिशमध्ये तर रोमिओ आहे. पुस्तकात हे करता येतं. चित्रपटात जळती रोमन अक्षरं पडद्यावर दिसतात, ती डबिंगनं बदलत नाहीत. ओठांचंही तसंच. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात, पडद्यावरच्या नटाचे ओठ तिथं मिटले नसतील तर तो शब्द कितीही चांगला असला तरी चालत नाही. संगीत आणि बाकीचे आवाज यांची पट्टी संवादांपासून वेगळी मिळते, त्यामुळे घोड्यांच्या टापा आणि वादळ तेच राहतं, फक्त माणसं बदलतात. आम्हाला हे काम फुकटात होत नाही हे कळतं. म्हणूनच म्हणते की नव्या मालिकेचं मराठी काम शेवटच्या पंधरवड्यात घाईनं उरकू नका. लिहिणाऱ्याला वेळ द्या.

आणि पुस्तकांच्या मराठी अनुवादकांना विचारा. वीस-बावीस वर्षं मुलं त्यांचे शब्द बोलतायत. वाचकांच्या तोंडी बसलेली नावं पडद्यावर वेगळी झाली तर मुलांना ती चूक वाटेल. आणि त्या अनुवादकांची नावं श्रेयनामावलीत द्या.

आमच्या गटातल्या सगळ्यांचं मत माझ्यासारखं आहे असं मात्र नाही, तेही सांगायला हवं. इंजिनिअरिंगच्या दोघींपैकी एकीला डबिंगच नको आहे. तिचं म्हणणं, नटाचा आवाज हा नटाचा निम्मा अभिनय असतो. ॲलन रिकमन या नटाचा स्नेप त्याच्या आवाजाशिवाय उरतोच किती? मूळ इंग्रजी ठेवा आणि खाली मराठी अक्षरं द्या. तिचं बोलणं खोटं नाही. माझ्यासाठी मीही तेच निवडेन. पण आजींना अक्षरं वाचता येत नाहीत, आणि दुसरीतलं मूल ती वाचेपर्यंत प्रसंग पुढे गेलेला असतो. म्हणून दोन्ही द्या. मराठी अक्षरं तरी आजच देता येतील, त्यात ओठांचाही अडसर नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मराठी चित्रपटाला आधीच खेळ मिळत नाहीत, त्यात परदेशी चित्रपट मराठी बोलायला लागले तर आपल्या निर्मात्यांनी जायचं कुठं? काकांनी हा प्रश्न काढला तेव्हा मी बराच वेळ गप्प होते. माझं मत असं झालंय: हिंदीत डब केलेल्या खेळांपैकी एक खेळ मराठी करा, मराठी चित्रपटाच्या खेळाला हात लावू नका. प्रेक्षक तोच आहे, आत्ताही तो तो चित्रपट पाहतोच आहे, फक्त हिंदीत पाहतोय. ‘तान्हाजी’ २०२०मध्ये मराठीतही पडद्यावर आला, ‘बाहुबली’ मराठीत टीव्हीवर आला. त्यामुळे मराठी चित्रपट बुडाला असं कुणी म्हणत नाही.

चित्रपट पुस्तकाशी इमान राखतो का, हा आमचा जुना वाद, त्यावर मी इथं फार लिहीत नाही. शाळेत खोड्या काढत फिरणाऱ्या पीव्हज या भुताचे प्रसंग चित्रित होऊनही पहिल्या चित्रपटातून कापले गेले. तिसऱ्या चित्रपटात शाळेतला प्रत्येक माणूस दाखवणारा जादूचा नकाशा कुणी बनवला हे धड सांगितलंच नाही, त्यामुळे हॅरीच्या वडिलांची आणि त्यांच्या मित्रांची सगळी गोष्ट लंगडी झाली. पाचवं पुस्तक सातांत सगळ्यात जाड, पण त्यावरचा चित्रपट १३८ मिनिटांचा, आणि त्याहून कितीतरी बारीक अशा दुसऱ्या पुस्तकावरचा १६१ मिनिटांचा. नव्या मालिकेत एका पुस्तकाला एक अख्खा हंगाम मिळणार आहे, म्हणून आम्हाला आशा आहे. जे कापलं गेलं ते परत येईल. मग तेच आमच्या आजींपर्यंत अर्धं पोहोचावं, हे कसं चालेल?

मी सांगलीची आहे, म्हणून आमच्या गावचा एक दाखला देते. कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीत आली आणि त्यांनी आपले पौराणिक खेळ केले, कानडीत. राजे चिंतामणराव पटवर्धनांनी ते पाहिले. त्यांना आवडले. खेळ कळला, छान झाला, असं म्हणून त्यांना थांबता आलं असतं. सीमेवरच्या या गावात कानडी समजणारी माणसं तेव्हाही होती. पण त्यांनी विष्णुदास भावे यांना सांगितलं की असं आपल्या भाषेत करून दाखवा. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ झालं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. त्या नाटकांत राक्षस ‘अललडुर्र’ असं ओरडत, तलवारी परजत यायचे, आणि प्रेक्षकांतली पोरं आईच्या मागे लपायची. चमत्कार, राक्षस, जादू मराठीतून बघायची सवय या गावाला तेव्हापासून आहे. पुढे शेजारच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी शेक्सपिअरचा ऑथेल्लो ‘झुंझारराव’ करून मराठीत उभा केला. त्या काळी शिकलेल्या लोकांना इंग्रजी येतच होतं. देवलांनी ते नाटक त्यांच्यापुरतं राहू दिलं नाही.

चिंतामणरावांनी जे भाव्यांना सांगितलं तेच मी तुम्हाला सांगते आहे, फक्त मी राजा नाही, प्राथमिक शिक्षिका आहे. मालिकेच्या भाषांच्या यादीत मराठी घाला. जुन्या आठ चित्रपटांना निदान मराठी अक्षरं द्या. पहिला मराठी खेळ सांगली-मिरजेत लावा, दुपारचा लावा म्हणजे मुलांना संध्याकाळच्या एसटीनं परत जाता येईल. तिकिटांची चिंता करू नका. पहिल्या खेळाला किती मुलं आणायची एवढंच मला कळवा, गावातल्या दोन जीपवाल्यांशी मी आधीच बोलून ठेवलंय.

आम्ही आता चौथ्या भागात आहोत. गेल्या शनिवारी स्पर्धकांची नावं निवडणाऱ्या जादूच्या चषकातून चौथं नाव, हॅरीचं, बाहेर आलं तिथं घंटा झाली आणि मला थांबावं लागलं. आजी आठवडाभर नातवाला विचारतायत, त्या पोराचं नाव कुणी टाकलं म्हणून. नातवानं पुस्तक मागून नेलंय, पण सांगत नाही. शनिवारी बाईंकडूनच ऐक म्हणतो.

आपली,
सांगलीतली एक शिक्षिका